जिन्याखालून दिसणारा होम्स: बाहेरच्या नजरेतून फॅनफिक लिहिताना या चुका टाळा

नायकाला बाजूला ठेवून शेजारीपाजारी, नोकरचाकर, घरमालकीण यांच्या तोंडून गोष्ट सांगायची, हा फॅनफिकचा (चाहत्यांनी आवडत्या कथेतली पात्रं घेऊन लिहिलेल्या गोष्टींचा) प्रकार दिसायला सोपा आहे. लिहायला बसलं की फसतो. नायक आपल्याला पाठ असतो, आणि ते पाठांतर निवेदकाच्या तोंडून बाहेर पडत राहतं. उदाहरणाला शेरलॉक होम्सच घेऊ. कॉनन डॉइल १९३० साली गेले, त्यामुळे भारतात हक्कांचा प्रश्न केव्हाच मिटलाय. शिवाय घरमालकीण हडसनबाई, पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड, रस्त्यावरची पोरं असे बाहेरचे डोळे तिथे आयतेच मिळतात.

निवेदकाला सगळंच ठाऊक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. हडसनबाई चहाचा ट्रे ठेवून वळतात आणि पुढच्याच वाक्यात होम्सच्या डोक्यात त्याचा कट्टर शत्रू मॉरिआर्टी घोळतोय हे त्यांना कळलेलं असतं. कसं कळलं? लेखकाला माहीत होतं म्हणून! खालच्या प्रवेशदालनापासून होम्सच्या खोलीपर्यंत १७ पायऱ्या आहेत. ही मोजणी खुद्द होम्सची. त्या १७ पायऱ्यांच्या तळाशी काय पोहोचेल? व्हायोलिन, पिस्तुलाचा बार, वर जाणाऱ्याच्या बुटांचा आवाज. शब्द क्वचितच. म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी लिहून काढा: बाई कुठे उभ्या आहेत, त्यांनी स्वतः काय पाहिलं, काय नुसतं कानावर आलं आणि काय मागाहून दुसऱ्याने सांगितलं. कथा मध्येच अडली, तर आधी हा कागद तपासा. बहुतेक वेळा बाईंना नको ते कळलेलं असतं.

त्यांना माहीत नसणं ही अडचण समजू नका. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ ही १९१३ची कथा आठवा. होम्स तीन दिवस अन्नपाण्याला शिवत नाही, मरायला टेकल्याचं सोंग घेतो. हडसनबाईंना ते खरं वाटतं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसनकडे धाव घेतात. होम्सचा हिशोब असा, की बाईंना पटलं तर वॉटसनला पटेल आणि वॉटसनला पटलं तर गुन्हेगाराला. सगळा डाव एका फसलेल्या बाईच्या खरेपणावर उभा आहे. बाहेरच्या माणसाची चूक एवढी कामाची असू शकते, आणि आपण मात्र त्याला हुशार करायच्या मागे लागतो.

डोळे आहेत, माणूस नाही

काही कथांतला निवेदक नुसता बघत राहतो. त्याला भूक नाही, देणेकरी नाहीत, कंबरदुखी नाही. होम्स खोलीत बसून गोळ्या झाडतो आणि भिंतीवर राणीची आद्याक्षरं उमटवतो. वाचक आणि वॉटसन दोघंही याला विक्षिप्तपणा म्हणून सोडून देतात. घरमालकिणीला तिथे उखडलेला गिलावा दिसणार. पण भाडंही तो राजासारखं देतो; वॉटसनच्या मते तेवढ्या पैशांत ते घरच विकत घेता आलं असतं. मग बाई तक्रार करतील की गवंडी बोलावून गप्प बसतील? गोष्ट या प्रश्नात आहे. होम्ससाठी माग काढणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांचंही, म्हणजे विगिन्स या म्होरक्याचं आणि त्याच्या टोळीचंही, तसंच. दिवसाला एक शिलिंग, शोध लावणाऱ्याला वर एक गिनी. त्यांना खुनाचं गूढ कशाला हवं?

निवेदक उठसूट होम्सवर भाळतो, हेही कंटाळवाणं. एखाद्या घोडागाडीवाल्याला तो निव्वळ घाईतलं गिऱ्हाईक वाटू द्या. उलट टोकाला, बाहेरचा माणूसच गुन्हा सोडवून सगळ्यांचा लाडका होऊन बसला, तर तुमच्या हातात ‘मेरी सू’ आलेली असते. पॉला स्मिथने १९७३ साली या नावाचं पात्र रचून ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या लेखनातल्या अशाच सर्वगुणसंपन्न नायिकांची टर उडवली होती. मेरी सूला आता निवृत्त करायला हरकत नाही.

मूळ प्रसंग पुन्हा गिरवणं

होम्स आणि मॉरिआर्टी जिथे झुंजले, तो रायशेनबाखच्या धबधब्याचा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी संवादासकट परत लिहू नका. वॉटसनने तो डोळ्यांनी पाहिला नाही यातच त्याची गंमत आहे. कडेचा काळ शोधा. मे १८९१ला होम्स तिथे मेल्याचं जगाने मानलं, १८९४च्या वसंतात तो परतला. मधल्या काळात त्याचा भाऊ मायक्रॉफ्टने बेकर स्ट्रीटच्या खोल्या आणि कागदपत्रं जशीच्या तशी राखली. ‘मेलेल्या’ भाडेकरूची खोली त्याचा भाऊ का ठेवून घेतोय, याचा अर्थ बाईंनी काय लावला असेल? होम्स दारात उभा राहिला तेव्हा त्यांचा आकांत झाला, एवढंच मूळ कथेत येतं. बाईंची मधली तीन वर्षं कोरी आहेत.

मराठीत लिहिताना

हडसनबाईंना सदाशिव पेठेतल्या घरमालकिणीचे टोमणे देऊ नका आणि विगिन्सला मुंबईची टपोरी बोली चिकटवू नका. लंडन तिथेच गळून पडतं. त्यापेक्षा अरे-तुरे आणि अहो-जाहो नीट वापरा. होम्स विगिन्सला ‘तू’ म्हणेल, विगिन्स त्याला ‘साहेब’. हडसनबाई होम्सशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणणार, पण स्वयंपाकघरात मनाशी बोलताना तो ‘हा’ होऊ शकतो. सोंग उघडं पडल्यावर तर नक्कीच होईल. ‘डाइंग डिटेक्टिव्ह’च्या शेवटी होम्स पोलीस ठाण्यातलं काम उरकून सिम्प्सन्समध्ये जेवायला जायचं ठरवतो. तीन दिवस जीव टांगणीला लागलेल्या बाईंना खरं कोणी आणि कसं सांगितलं, हे तुम्हाला लिहायचंय.