हरभरा उगवतो, मग हरभऱ्याची डाळ का उगवत नाही?

मुलांना बी म्हणजे काय हे शिकवायचं तर बियाण्याच्या दुकानात जायची गरज नाही. तिथलं बियाणं बऱ्याचदा औषध लावलेलं, गुलाबी नाहीतर हिरव्या रंगाचं असतं. ते लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही. आपल्या सोलापुरी फडताळातल्या डब्यांत लागेल ते सगळं आहे. पाणीही जेमतेम दोन वाट्या लागतं, त्यामुळे नळाला पाणी यायचा दिवस नसला तरी अडत नाही.

कोण जागं होतं?

इडलीपात्राच्या चार खळग्यांच्या दोन ताटल्या घ्या. प्रत्येक खळग्यात ओल्या सुती कापडाचा तुकडा घाला आणि त्यावर पाच-पाच दाणे ठेवा: अख्खा हरभरा, हरभऱ्याची डाळ, फुटाणे, कच्चे शेंगदाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारी, तांदूळ आणि साबुदाणा. इडलीपात्रच का, तर त्याला भोकं असतात आणि जादा पाणी निथळून जातं. वाटीत हाच प्रयोग केला तर मुलं हौसेनं पाणी ओततात आणि दाणे कुजतात.

दाणे मांडल्यावर आधी मुलाला विचारा, यातलं कोण उगवेल? त्याचा अंदाज खडूनं फरशीवर लिहून ठेवा आणि उत्तर अजिबात सांगू नका. सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडायचं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हरभरा आणि ज्वारी फुटतात, शेंगदाणा एखादा दिवस मागे राहतो. बाकीचे पाच ढिम्म.

आता एकेकाचं कारण शोधा. डाळ भरडताना दाण्याची दोन दलं सुटी झाली आणि मधला कोंब तुटला. फुटाणे आणि भाजके शेंगदाणे भट्टीच्या आचेनं मेले. तांदळाचा दाणा मुलाच्या तळहातावर ठेवून नीट बघायला लावा: एका टोकाला बारीक खाच दिसते. कोंब तिथंच होता, गिरणीत कोंड्याबरोबर गेला. साबुदाणा तर बीच नव्हे, कंदाच्या पिठाच्या गोळ्या आहेत त्या.

कच्चे शेंगदाणेही उगवले नाहीत, तर बहुधा ते जुने असतात किंवा फोडताना त्यांचा कोंब दुखावलेला असतो. टरफलातल्या शेंगा आणून हातानं सोला. साठवणीला एरंडेल चोळलेलं किंवा पावडर लावलेलं धान्य चांगलं धुऊन घ्या. एखाद्या खळग्यात काळी-पांढरी बुरशी धरली तर तो तुकडा दाण्यांसकट टाकून द्या, मुलांना हुंगू देऊ नका.

शिदोरी उघडून बघा

कच्चा शेंगदाणा पाच-सहा तास भिजवा. तांबडी साल चिमटीत धरली की सरकते. मग मुलालाच दोन दलं अलगद सोडवू द्या. टोकाशी चिकटलेला इवलासा कोंब भिंगातून बघितला तर त्यात घडी घातलेली पानं दिसतात. बाकीचा सगळा शेंगदाणा म्हणजे त्या कोंबाला बांधून दिलेली शिदोरी. आपली शेंगा चटणी बनते ती या शिदोरीची, हे पोरांना भलतंच आवडतं. भुईमुगाचं फूल जमिनीवर लागतं, मग त्याची आरी, म्हणजे फुलातून खाली वाढणारा दांडा, मातीत घुसते आणि शेंग खाली धरते, हेही याच वेळी सांगून टाका.

काचेतली चवळी

चवळी सात-आठ तास भिजवा. काचेच्या ग्लासाच्या आतून जुन्या पंच्याची घडी गोल बसवा. काच आणि कापड यांच्यामध्ये, काठापासून दोन बोटं खाली, चार दाणे खोचा. तळाशी एक बोट पाणी ठेवा. कापड ते वर ओढून घेतं. पाणी दाण्यांपर्यंत चढवायचं नाही, कारण भिजलेली बी श्वास घेते आणि बुडाली की गुदमरते. दोन दिवसांत वास सुटला तर समजा, पाणी जास्त झालं.

आधी मूळ येतं, नेहमी. ते बोटभर झालं की पाणी ओतून टाकून ग्लास आडवा ठेवा. एका दिवसात मुळाचं टोक वळून पुन्हा जमिनीकडे जातं. पुढं दोन्ही दलं कोंबाबरोबर वर येतात, हळूहळू सुरकुततात आणि गळतात. शिदोरी संपली! ती संपायच्या आत, साधारण आठव्या-दहाव्या दिवशी, रोप कुंडीत हलवा. नुसती काळी माती तापल्यावर दगड होते, म्हणून दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत.

शेजारी दुसऱ्या ग्लासात ज्वारी लावा. चवळी जोडपानं काढते, ज्वारी एकेक पान. मात्र एक सांभाळा: ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात विषारी द्रव्य असतं, जनावरंही त्यानं दगावतात. मुलांना तो चावू द्यायचा नाही.

एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीपार जातो आणि हरभरा, गहू नीट येत नाहीत. तेव्हा मटकी, हुलगा, चवळी घ्या आणि ग्लास माठाजवळच्या गारव्याला ठेवा. नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान पिवळं का असतं, हे मुलं विचारतातच. उत्तर देऊ नका. मटकीच्या दोन वाट्या लावा, एक खिडकीत आणि एक टोपल्याखाली. पाचव्या दिवशी टोपलं उचला.

आणखी एक खबरदारी. तीन वर्षांखालचं मूल हरभरा नाकात किंवा कानात घालतं आणि दाणा आत ओलाव्यानं फुगतो. तसं झालं तर घरी चिमट्यानं ओढू नका, पाणी घालू नका, डॉक्टरकडे न्या. गुंज, एरंड, धोत्रा यांच्या बिया खेळात नकोतच.

मोजे घालून माळावर

दिवाळीच्या आसपास मुलांच्या बुटांवर जुने लोकरी मोजे चढवा आणि माळावर एक चक्कर मारा. घरी येऊन मोजे कागदावर झटका. गोखरू, कुसळं, आणखी काय-काय सापडतं. रुईचं वाळलेलं बोंड मिळालं तर म्हाताऱ्या उडवा, पण त्याचा चीक डोळ्यात जाता कामा नये. शेवटी एक वाळलेलं कुसळ ताटलीत ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि गप्प बसा. पीळ सुटायला लागतो, कुसळ स्वतःभोवती फिरतं. पावसात ते असंच मातीत घुसतं.