जुना एफसी पिकअप उभा करताना या चुका टाळा. पहिली चूक म्हणजे इंजिन आधी आणणं

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमधून मी महिंद्राचा एफसी-१५० उचलला, तेव्हा गाडीत इंजिन होतं, पण ते जाम होतं. गाडी घरी पोचायच्या आधीच मी डिझेल इंजिनाचा सौदा करून बसलो होतो. इंजिन स्वस्त होतं आणि समोर धडधडत चालू करून दाखवलं होतं. ते इंजिन पुढे दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून राहिलं, कारण ते गाडीत बसतच नव्हतं. त्या दोन वर्षांत जे शिकलो, आणि नंतर मित्रांच्या गाड्यांवर हात काळे करताना जे पाहिलं, ते इथे लिहितो आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो आणि इंजिन बोनेटखाली नसून केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधल्या डब्याखाली असतं. मूळ गाडी अमेरिकन विलिस कंपनीची, महिंद्राने ती आपल्याकडे १९६५ पासून बनवली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम ८१ इंच. इंजिन हरिकेन एफ-१३४, म्हणजे २.२ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल, जुन्या सीजे-३बी जीपमध्ये असायचं तेच.

कागद न बघता पाना हातात घेणं

इंजिन कुठलं, हा प्रश्न आधी आरसी बुकातून सुटतो, मिस्त्रीकडे नंतर जायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन टाकून "बघू नंतर" म्हणण्याचे दिवस गेले. तिसरा कुणी जखमी झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर तपासला, तर काय होईल याचा विचार मी सांगायला नको. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन टाकायचं असेल तर वाट सोपी आहे, पण तीही आरटीओत आधी विचारून. नंबर बदलणारच, आणि तो आरसीवर चढायलाच हवा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि खासगी वापराची असेल तर आणखी एक दार उघडं असतं, ते बरेच जण नकळत बंद करून टाकतात. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणून आधी ठरवा. रॅलीला न्यायची आहे की शेतातून कांदे आणायचे आहेत? दोन्ही एका गाडीत मागाल तर दोन्ही हातचं जाईल.

भंगारातून इंजिन घेताना पक्कं बिल घ्या आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या कागदांची झेरॉक्स मागा. विकणारा "दादा, एवढं कोण बघतंय" म्हणाला तर तिथून निघा.

आणखी एक गोष्ट, वाचताना क्षुल्लक वाटेल. चेसीस रंगवण्याआधी नंबराचा पेन्सिल प्रिंट काढून ठेवा आणि त्या जागेवर टेप चिकटवा. ग्राइंडर फिरवणाऱ्या पोराला तो नंबर म्हणजे गंजाचे खवले वाटतात. एकदा घासला गेला की गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

जुनं इंजिन मेलं असं पटकन ठरवणं

जाम इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. माझं हरिकेन प्लगच्या भोकांतून ट्रान्समिशन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण टाकून आठवडाभर ठेवल्यावर क्रँकच्या नटावर पाना लावून सुटलं. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायचा मोह मात्र आवरा. अडकलेली रिंग तुटते, लायनर ओरखडतो, आणि दुरुस्तीचं काम भंगाराचं होतं.

इंजिन फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. आकडा १२० पीएसआयच्या आसपास मिळाला तर देवाला नारळ फोडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडरांतला फरक १० पीएसआयच्या आत हवा. एखादाच सिलिंडर पडला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

इथे हरिकेनची एक खोड माहीत हवी. या इंजिनाचे इनटेक (आत घेणारे) व्हॉल्व वरच्या हेडमध्ये आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारे) व्हॉल्व खालच्या ब्लॉकमध्ये असतात. आजचा मेकॅनिक वरचं झाकण काढतो, रॉकरची सेटिंग करतो आणि हात पुसतो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याचं झाकण आहे आणि त्याच्या मागे आणखी चार व्हॉल्व आहेत, हे त्याच्या गावीही नसतं. एक्झॉस्टची गॅप घट्ट राहिली की तो व्हॉल्व नीट बसत नाही, जळतो, आणि तीन महिन्यांनी "हे जुनं इंजिनच खराब" असा निकाल लागतो. थंड इंजिनावर गॅप इनटेकला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६ इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या, त्याला राग आला तरी चालेल.

पेट्रोल इंजिन ठेवणार असाल तर इंधनाचाही विचार करा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात. आणि या गाडीत इंजिन पायाशी, केबिनच्या आत आहे, तेव्हा गळणारी पेट्रोलची नळी हा चेष्टेचा विषय नाही. इथेनॉल चालेल अशाच नळ्या आणि डायफ्रॅम घाला. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते.

डिझेल म्हणजे फक्त इंजिन, असं समजणं

समजा तुमच्या गाडीच्या आरसीवर डिझेल आहे, किंवा परवानगीची वाट मोकळी झाली. तरी थांबा. आपल्याकडे जुन्या महिंद्रात दोन घराणी भेटतात. एक प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं. दुसरं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. पहिलं हलकं फिरतं, पण त्याला चालू करण्याआधी आतून गरम करणारे हीटर प्लग लागतात. थंडीत हीटर गेले तर निफाडच्या सकाळी ते तासभर झुलवतं. दुसरं हीटरशिवाय उठतं आणि खालच्या फेऱ्यांवर ताकद देतं, पण दणके असे देतं की केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. बोनेटवाल्या जीपमध्ये हा आवाज पुढे राहतो, एफसीत तो मांडीला मांडी लावून बसतो.

आणि वजन! एफसी आधीच नाकावर जड गाडी आहे. ड्रायव्हर, इंजिन, रेडिएटर सगळं पुढे, मागे रिकामा हौदा. त्यात पेट्रोलच्या जागी जड डिझेल टाकलं की पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, आणि उतारावर ब्रेक दाबला की मागची चाकं हलकी होऊन घसरतात. कसारा उतरताना रिकामी गाडी मागून वळायला लागते तेव्हा कळतं. पाटे वाढवणं हा अर्धा उपाय आहे, कारण वजन तिथेच राहतं.

इंजिनाबरोबर आणखी काय बदलावं लागतं, ते सौद्याच्या वेळी कुणी सांगत नाही. डिझेल पंपाला जास्तीचं डिझेल टाकीत परत न्यायला वेगळी नळी लागते, पेट्रोलच्या टाकीला ती नसते. टाकीला आतून जस्ताचा थर असेल तर डिझेल आणि जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि नोझल बसतात. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, डिझेलमध्ये तो नसतो. म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप हवा, नाहीतर ब्रेक दगडासारखा. ज्या गाडीचा वायपरसुद्धा व्हॅक्यूमवर चालतो, तिच्या मालकाला ही गोष्ट पहिल्या पावसात कळते. बॅटरी आणि तिच्या जाड केबल हा खर्च वेगळाच.

गणित न करणं

इंजिन चांगलं, बसवलंही नीट, पण गाडी साठच्या पुढे किंचाळते. याचं कारण इंजिनात शोधू नका, मागच्या डिफ्रन्शियलमध्ये शोधा. जुन्या विलिस घराण्यात ५.३८ चं प्रमाण सर्रास असतं, म्हणजे दात ४३ आणि ८, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. टायरचा घेर साधारण २.३५ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४२५ फेरे. गुणिले ५.३८, टॉप गिअरमध्ये इंजिन २,३०० च्या आसपास. ८० ला तेच ३,००० च्या वर. वरच्या फेऱ्यांवर खेळणाऱ्या पेट्रोलला हे झेपतं, सावकाश फिरणाऱ्या ट्रॅक्टरछाप डिझेलला नाही. दोन्ही एकाच वेगाला सुखी असावीत असा हट्ट धरू नका.

आपल्या गाडीचं प्रमाण काढणं सोपं आहे. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं जॅकवर. प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या डिफ्रन्शियलला जाणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण करा, वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. सव्वापाच-साडेपाचच्या मध्ये आले तर ५.३८. हे काम इंजिन घेण्याआधी करायचं. मी नंतर केलं.

एफसीत आणखी एक अडचण आहे. नवं इंजिन लांब असलं की गिअरबॉक्स दोन-तीन इंच मागे सरकतो. लांब गाडीत हे खपून जातं, ८१ इंचात मागचा शाफ्ट आधीच आखूड असतो. तो आणखी आखूड झाला की कोन वाढतो आणि शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, महिनाभरात वाजायला लागतात. टेप घेऊन आधी मोजा, मग टोकन द्या.

बसवल्यानंतरच्या कुरबुरी

पंचेचाळीस-पन्नासला सीटखाली थरथर होत असेल तर बहुतेक जण इंजिनाचे फाउंडेशन रबर बदलत सुटतात. आधी गाडी न्यूट्रलला उभी ठेवून इंजिन त्याच फेऱ्यांवर न्या. थरथर गायब झाली तर ती इंजिनाची नाही, शाफ्टची आहे. दातांच्या स्लीव्हमध्ये बसवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांची योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत आली का ते पाहा. लेथवाल्याने शाफ्ट कापून जोडला असेल तर तिथेच एक दात चुकलेला सापडतो.

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. त्याने इंजिन थंड राहतं, पण इतकं थंड की ऑइलमध्ये काजळी आणि पाणी साचतं आणि घाटात व्हायचं ते होतंच. एफसीत हवेचा रस्ता मुळातच अवघड आहे. पंखा रेडिएटरपासून लांब गेला का, त्याच्याभोवतीचा पत्रा आहे की मिस्त्रीने "अडतोय" म्हणून कापून फेकला, हे आधी बघा. माझ्या गाडीतला तो पत्रा शेजारच्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलेला सापडला.

सकाळी डिझेल उठत नाही, हाताने प्रायमर मारला की उठतं, दिवसभर ठीक: लाइनमध्ये हवा शिरते आहे. पंप उघडून पैसे घालवू नका. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी लावा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे बघा. नव्वद टक्के वेळा तांब्याचा एखादा जुना वॉशर पुन्हा वापरलेला असतो.

बॉडीवर मी फार लिहीत नाही. खिशात चुंबक ठेवा, लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी तो चिकटत नाही. फरशी आणि केबिनचे खालचे कोपरे पाहा, आणि पत्रा बदलण्याआधी चेसीसच्या आतल्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा.

ताडपत्रीखालचं ते डिझेल शेवटी एका ओळखीच्याने त्याच्या लांब व्हीलबेसच्या जीपसाठी नेलं. तिच्या आरसीवर मुळातच तेच इंजिन होतं, दीड दिवसात बसलं. माझ्या एफसीत हरिकेनच आहे. बाजूच्या झाकणाचा गॅस्केट अजून थोडा पाझरतो, येत्या रविवारी पुन्हा उघडणार आहे.