शॉकअप कडक केला म्हणजे झालं? या चुका टाळा

ताम्हिणी घाट उतरताना डाव्या वळणावर मोटारसायकल सतत मधल्या पट्टीकडे सरकायची. मागे बायको, दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा, समोरून टेम्पो. पुण्यात आल्यावर गॅरेजवाल्याने फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन शॉकअप, दोनदा दाबून पाहिला आणि निदान केलं, "ऑइल पातळ झालंय साहेब, जाड टाकू." टाकलं. पुढच्या रविवारी तोच घाट, तेच वळण, तोच प्रकार. वर खड्ड्यांत मनगटं दुखायला लागली ती वेगळीच.

दोष मागे होता. दोन्ही शॉकअप सगळ्यात खालच्या खाचेवर होते, म्हणजे स्प्रिंग सगळ्यात कमी दाबलेली. दोन माणसं आणि सामान चढलं की गाडीचं बूड बसायचं. बूड बसलं की फोर्क जास्त तिरका होतो आणि ट्रेल वाढतो. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक आठवा: ते दांड्याच्या मागे फरपटत येतं म्हणून आपोआप सरळ होतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तसंच. हे मागे राहण्याचं अंतर म्हणजे ट्रेल. ते वाढलं की गाडी सरळ जायचा हट्ट धरते, वळायचा कंटाळा करते.

हे कळल्यावर मी दुसरी चूक केली. सी पाना (खाच फिरवायचा पाना) आणला आणि शॉकअप थेट पाचव्या खाचेवर नेऊन ठेवले. दोघं असताना छान. पण सोमवारी एकटा ऑफिसला निघालो तर मागचं चाक प्रत्येक स्पीडब्रेकरवरून टणकन उडायला लागलं.

इथे बहुतेकांचा घोळ होतो. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं आपण धरून चालतो. होत नाही. समजा, स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला 2 किलो भार लागतो. खाच फिरवून स्प्रिंग आधीच जितकी दाबून ठेवतो, तो प्रीलोड. तो शून्यावरून 10 मि.मी. केला तर ती 20 किलो भार येईपर्यंत हलणार नाही. मात्र त्यानंतरचा प्रत्येक मिलिमीटर 2 किलोलाच मिळेल. म्हणजे बदलली ती गाडीची उंची. एकटा बसल्यावर गाडी पुरेशी खाली बसतच नव्हती, त्यामुळे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा उरत नव्हती.

किती बसायला हवी? मोजायला दोन मित्र आणि एक टेप पुरते. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. माझं 402 मि.मी. आलं. मग गाडी स्टँडवरून काढून नुसती उभी धरा: 390. शेवटी हेल्मेट-जॅकेटसकट वर बसा, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं: 372. म्हणजे मी बसल्यावर गाडी 30 मि.मी. बसली. याला सॅग म्हणतात. सीट दाबून सोडून एकदा, उचलून सोडून एकदा असं मोजा आणि सरासरी धरा, कारण शॉकअप थोडा अडकतोच.

रस्त्यावरच्या गाडीला हा सॅग एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली हलू शकतं त्याच्या, 30 टक्क्यांच्या आसपास चालतो. मित्राचा आकडा उचलू नका. इंटरसेप्टर 650 ला मागे 88 मि.मी. ट्रॅव्हल आहे, हिमालयन 411 ला 180. एकीकडे 26 मि.मी. होतात, दुसरीकडे 54.

आणि नुसत्या गाडीचा तो मधला आकडा वाया घालवू नका. तुमच्या वजनाला सॅग बरोबर येतोय, पण नुसती गाडी अजिबात बसत नाही, तर स्प्रिंग तुम्हाला मऊ पडतेय आणि प्रीलोड देऊन तुम्ही ते झाकताय. उलट, गाडी स्वतःच्याच वजनाने खूप बसते, तर स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त कडक आहे. कितीही खाचा फिरवा, हे सुटणार नाही. स्प्रिंगच बदलावी लागते.

त्या जाड ऑइलचं काय? साध्या फोर्कमध्ये ऑइल बारीक भोकांतून जातं. जाड ऑइल अचानक आलेल्या खड्ड्यात तितक्या वेगाने जाऊ शकत नाही, फोर्क अडतो आणि धक्का थेट हातात येतो. शिवाय एका कंपनीचं 10डब्ल्यू आणि दुसरीचं 10डब्ल्यू सारखंच जाड असेल असं नाही. मॅन्युअलमधलं ऑइल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच टाका.

पण पाना उचलण्याआधी वेगळंच काही तपासा, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी थंड टायरमधली हवा. मग डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खट्ट असं जाणवलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. हँडल फिरवताना बरोबर मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर तो खराबच झालाय, आवळून उपयोग नाही. मागचं चाक आडवं हलवलं आणि चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) सैल लागला तर त्याचे बुश गेले. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, तेही बघा. चाक तिरकं बसलं की गाडी एका वळणात गोड, दुसऱ्यात कडू. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ असेल तर सील गेलं, तिथे सेटिंगचा विषयच संपला.

टीमधून (फोर्क आवळून धरणाऱ्या पट्ट्यांमधून) फोर्क वर सरकवून गाडी चपळ करायची हौस असेल तर एका वेळी 5 मि.मी., दोन्ही बाजूंना सारखेच. ट्रेल फार कमी झाला की वेगात हँडल थरथरतं. फोर्क पूर्ण दबल्यावर टायर वर कुठे लागत नाही ना, हे आधी बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. माझ्या सीटखाली टेपने चिकटवलेला कागद आहे: एकटा 2, दोघं 4, दोघं आणि बॅगा 5. बायकोने त्याखाली पेनाने लिहिलंय, "पाना आणायला विसरू नकोस."