जुनी हेराल्ड घेतलीत? मग निदान या चुका टाळा

माझ्या काकांकडे दादरला पांढरी स्टँडर्ड हेराल्ड गाडी होती. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ हेराल्डचाच हा मद्रासला तयार होणारा अवतार. तिचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटत असे. मग काका सरळ पुढच्या टायरवर बैठक मारून प्लग साफ करीत आणि मी पाने हातात घेऊन शेजारी उभा राही. पुढे नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलंड्स भागात स्थायिक झालो, तेव्हा त्या बैठकीच्या मोहानेच १९६९ सालची हेराल्ड १३/६० घेतली. गेली बावीस वर्षे ती माझ्याकडे आहे. इकडच्या मराठी मंडळींपैकी कोणी जुनी ब्रिटिश गाडी घेतली, की हमखास मला फोन येतो आणि तक्रारी इतक्या त्याच त्या असतात, की फोन उचलतानाच मला उत्तर ठाऊक असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रंग पाहून गाडी पसंत करणे. हेराल्डला स्वतंत्र चॅसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा आहे, त्यामुळे वरचा पत्रा गंजला तरी फारसे बिघडत नाही, असे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. परंतु चॅसिसच्या कण्यापासून बाजूंना जे आडवे हात निघतात, ते आउटरिगर आधी कुजतात आणि पुट्टी भरून त्यावर काळा रंग फासला, की वरून काहीच कळत नाही. मी गाडी पाहायला जाताना जुनी चादर, विजेरी आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन जातो, चादर अंथरून गाडीखाली शिरतो आणि प्रत्येक आउटरिगर ठोकून पाहतो. चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी नुसती बद्द वाजते. मालक ठोकू देत नसेल, तर चहा घेऊन परत यावे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती आजही दर दुसरा नवखा करतो. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा, म्हणजे व्हर्टिकल लिंक, खालच्या टोकाला आटे पाडलेला असतो आणि तो ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात पिळलेला असतो. स्टीअरिंग फिरवले, की दांडा त्या आट्यांमध्येच फिरतो. या सांध्याला गिअरबॉक्ससारखे दाट तेल लागते, ग्रीस नव्हे. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तिथे वंगण भरायचे निपल कायमचे बसवून ठेवले होते. निपल दिसले की ग्रीस भरायचे, एवढेच मला माहीत होते. त्यात शेजारच्या मॉरिस मायनरवाल्याने मोठ्या आत्मविश्वासाने ‘ग्रीसच भर’ असा सल्ला दिला. त्याच्या गाडीपुरता तो बरोबर होता, कारण मायनरच्या तशाच दिसणाऱ्या सांध्याला ग्रीसच लागते. मी दोन वर्षे मनोभावे ग्रीस भरत राहिलो.

एका रविवारी भाजी घेऊन दुकानाच्या पार्किंगमधून गाडी मागे घेत होतो. स्टीअरिंग शेवटपर्यंत फिरवलेले, वेग माणसाच्या चालीएवढा, आणि कडाड आवाज होऊन गाडी उजवीकडे गुडघ्यावर बसली. चाक मडगार्डाखाली आडवे झाले होते आणि पत्रा चेपला होता. सौभाग्यवतींच्या मांडीवरचे टोमॅटो खाली सांडले, एवढ्यावर निभावले. आदल्या शुक्रवारी त्याच गाडीतून आम्ही मोटरवेने सत्तर मैलांच्या वेगाने आलो होतो, हे आठवून मात्र रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुटलेला दांडा हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग तपकिरी गंजाने माखलेला होता. म्हणजे ती चीर कित्येक महिन्यांपूर्वीची होती. जेमतेम चतकोर भाग ताजा, राखाडी आणि चमकता होता, आणि तेवढ्यावर माझा संसार चालला होता. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. तिथे पाणी साचून गंज चढला आणि आट्याच्या खाचेतून चीर आत शिरत गेली. गाडीच्या कप्प्यातल्या मूळ पुस्तिकेत तेलाचा स्पष्ट उल्लेख होता. ती मी तोवर उघडलीही नव्हती.

पुस्तिकेप्रमाणे हे काम दर ६,००० मैलांनी करायचे असते. माझी गाडी वर्षात तेवढी धावत नाही, म्हणून मी ते पाडव्याला आणि दिवाळीला करतो. चाक जॅकवर उचलून भार काढायचा, खाली जुने वर्तमानपत्र टाकायचे आणि कोणाला तरी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगून, वरून तेल पाझरेपर्यंत ईपी ९० गिअर ऑइल भरत राहायचे. त्या तेलाची गन वेगळी ठेवावी. माझ्या गनला लाल चिंधी बांधलेली आहे. ट्रनियन नवा बसवताना आटे शेवटपर्यंत पिळून थोडे मागे घ्यावेत, नाहीतर स्टीअरिंग पूर्ण वळताना सांधा अडकतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात, हेही विसरू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. या गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या वायरिंगला नावे ठेवण्याआधी अर्थिंगची टोके काढून सँडपेपरने घासावीत. दहापैकी आठ दिवे तेवढ्यानेच लागतात. स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत थोडे तेल असावे लागते. ते संपले, की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक उगाच इंधनाचा पंप बदलतात. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नये, कारण मागची चाके आत दुमडल्यासारखी होतात आणि गाडी गिरकी घेते. वेग वळणाआधीच कमी करावा. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले, झाले आहे, ते जुन्या रबरी नळ्या खाते. मी नळ्या बदलल्या आहेत, तरीही महागडे ई-५ भरतो. गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन, विजेचा पंखा आणि लाकडी स्टीअरिंग मागवणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे. त्यांच्या ब्रेकच्या नळ्या मात्र आधी पाहून घेतो.

चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८ पासून इथल्या एमओटी या वार्षिक सुरक्षा तपासणीतून सूट मिळते. ही सूट म्हणजे गाडी ठणठणीत असल्याचा दाखला, असा अनेकांचा गोड समज आहे. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. मी दरवर्षी मार्चमध्ये पैसे भरून तपासणी करून घेतो. तपासनीस तरुण आहे आणि चोक कशासाठी असतो हे त्याला मीच शिकवले. पण खालून विजेरी मारून पाहणारे दुसरे डोळे मिळतात. गेल्या वर्षी त्यानेच डाव्या ट्रनियनपाशी बोट फिरवून विचारले, “काका, इथून तेल गळतंय, चालेल का?”

“गळायलाच हवं,” मी म्हणालो.