घरच्या विंडोजमध्ये लिनक्सचं बिऱ्हाड

२००९ साली मी आमच्या इंदूरच्या घरातला कॉम्प्युटर पुसून टाकला. मुद्दाम नव्हे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उबंटूची सीडी पोस्टाने घरी आली होती. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि उबंटू हा तिचा एक प्रकार. तेव्हा उबंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला ती फुकट पाठवायची. सीडी घातली, पुढे-पुढे करत गेले, ‘पूर्ण डिस्क वापरा’ या ओळीवर टिचकी मारली. वीस मिनिटांनी नवाकोरा उबंटू उघडला, आणि बाबांच्या दुकानाचा चार वर्षांचा हिशेब व धाकट्या भावाच्या मुंजीचे फोटो गेले ते गेलेच. बाबा दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कीबोर्डच्या ड्रॉवरला कुलूप लावलं.

आज मी विजयनगरमधल्या एका ऑफिसात लिनक्सचे सर्व्हर सांभाळते. गेल्या वर्षी मोठ्या बहिणीचा मुलगा देवासहून इथे शिकायला आला. त्याला लॅपटॉपवर लिनक्स हवं होतं, आणि त्याची आई फोनवर एकच सांगत होती, ‘त्याला तुझ्यासारखं काही करू देऊ नकोस.’ तोडगा होता व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे विंडोज न हलवता त्याच्या आतच लिनक्स चालवायचं. त्याला बसवून जे शिकवलं ते, आणि त्याआधी मी स्वतः ठेचा खात शिकले ते, इथे लिहिते आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे मी त्याला आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यावरून समजावलं. वाडा मालकाचा, म्हणजे विंडोजचा. त्यातल्या दोन खोल्या बिऱ्हाडाला दिल्या. बिऱ्हाडकरूला वाटतं आपलं वेगळं घर आहे. त्याची चूल वेगळी, दार वेगळं, आत त्याने भांडी आपटली तरी मालकाच्या स्वयंपाकघरातला कप फुटत नाही. मालकाला म्हणायचं होस्ट, बिऱ्हाडकरूला गेस्ट. वाटणी करणारा जो मध्यस्थ, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर हे १९६०च्या दशकातच चालत होतं. घरच्या कॉम्प्युटरपर्यंत ती पोचायला वेळ लागला, कारण आपले इंटेल पद्धतीचे प्रोसेसर मुळात या वाटणीसाठी घडवलेले नव्हते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय घातली.

ही सोय बहुतेक लॅपटॉपमध्ये असते, पण कित्येकदा बंद असते. नवख्यांची पहिली अडचण हीच. भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, मशीन सुरू केलं आणि लालभडक चूक आली. त्याला वाटलं लॅपटॉपच जुना आहे, आता नवा घ्यावा लागणार. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं, तर खाली लिहिलं होतं, ‘व्हर्च्युअलायझेशन : डिसेबल्ड’. लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात, जायचं आणि तिथे ते चालू करायचं. इंटेल असेल तर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अशा नावाने सापडतं, एएमडी असेल तर ‘एसव्हीएम मोड’. बायोसमध्ये शिरायची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, एफ२, एफ१० किंवा डिलीट. पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक आकडा, कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज कधीकधी ती मागतं, आणि अशा वेळी ‘ती कुठेतरी ईमेलमध्ये असेल’ या उत्तराचा उपयोग नसतो.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यावर मुलं फार वेळ घालवतात. मी व्हर्च्युअलबॉक्स सांगते. २००७ मध्ये इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीने ते बाहेर आणलं, पुढच्या वर्षी ते सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीकडे गेलं आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे. माझ्या पहिल्या मशीनच्या खिडकीवर सनचं चिन्ह होतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा २०२४ पासून फुकट आहे आणि उत्तम चालतं. ज्याला फक्त लिनक्सच्या कमांड गिरवायच्या आहेत, त्याला डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्सच्या कमांड चालवायची सोय, पुरे. पण मशीन सुरू म्हणजे बूट कसं होतं, डिस्क कशी जोडतात, दोन मशीन एकमेकांशी कशी बोलतात हे शिकायचं असेल तर अख्खं मशीन उभं करायला हवं.

आता रॅम. बिऱ्हाडाला दिलेल्या खोलीत मालकाला झोपता येत नाही, तसंच हे आहे. उबंटू डेस्कटॉपला ४ जीबी तरी लागते. भाच्याकडे होती ८. त्याने गेस्टला ६ दिली, जास्त दिली की जास्त पळेल म्हणून. विंडोजचा श्वास कोंडला, ब्राउझर गोठला आणि पाठोपाठ गेस्टही. अर्ध्याच्या वर देऊ नका. ८ जीबीवर काम भागवायचं असेल तर उबंटूऐवजी लुबंटू घ्या, ते हलकं आहे. आम्ही शेवटी जेल रोडला जाऊन ८ जीबीची आणखी एक पट्टी घेतली. दुकानदाराने विचारलं, ‘गेम खेलना है क्या भिया?’ याने लिनक्स सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

डिस्कचं वेगळं आहे. २५ जीबीची डिस्क सांगितली तरी सुरुवातीला ती फाइल छोटीच असते, आत सामान येईल तशी फुगते. सामान काढलं म्हणून ती आपोआप आकसत मात्र नाही. २००९ मध्ये मी कंजूषपणा करून फारच लहान डिस्क दिली होती. त्याची गोष्ट पुढे येते.

व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून एक गंमत आहे. आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलच्या सीडीची फाइलच्या रूपातली नक्कल, दाखवली की ते म्हणतं, सगळं इन्स्टॉलेशन मीच करतो, तू बस. भाचा बसला. पोहे खाऊन परत आला तर सगळं तयार. मग काहीतरी टाकायला गेला तर मशीन म्हणे, तुला सुडोचा, म्हणजे कारभारी म्हणून कमांड चालवायचा, अधिकारच नाही. त्या खिडकीत युजरचं नाव ‘व्हीबॉक्सयूजर’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’ आधीच भरलेला असतो. तो बदलायचा असतो हे पासवर्डच सांगतोय, पण वाचतो कोण! शिवाय त्या युजरला कारभाराचे अधिकार मिळालेले नव्हते. मी त्याला ते मशीन काढून टाकायला लावलं. नवं करताना हे आपोआपचं ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ नको असं निवडा आणि प्रत्येक पायरी स्वतः करा. शिकायचंय ना?

स्वतः केलं की ती पायरी येतेच. ‘डिस्क पुसा आणि उबंटू बसवा.’

भाच्याचा हात माउसवरून उठला. ‘मावशी, हे काय? आईने सांगितलंय...’ खरं सांगते, एवढ्या वर्षांनी ती ओळ बघून माझ्याही पोटात गोळा येतो. पहिल्यांदा व्हर्च्युअल मशीनमध्ये हीच ओळ आली तेव्हा मी खिडकी बंद करून दोन दिवस त्या वाटेला गेले नव्हते. मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस, पण माझ्यावर विश्वासही ठेवू नकोस, डिस्कचं नाव वाच. तिथे ‘व्हीबॉक्स हार्डडिस्क’ लिहिलेलं होतं, आकार २६.८ जीबी. त्याच्या लॅपटॉपची डिस्क ५१२ची. मग २५ दिली होती तर २६.८ कशी? बाइटपासून केबी, एमबी, जीबीपर्यंत प्रत्येक पायरीला व्हर्च्युअलबॉक्स १०२४ धरतं आणि इन्स्टॉलर १०००, एवढाच फरक. म्हणजे पुसली जाणार ती फक्त विंडोजवरची एक फाइल. त्याने ओळ दोनदा वाचली आणि टिचकी मारली. २००९ मध्ये मी हे नाव आणि आकार वाचला असता तर बाबांची चोपडी वाचली असती.

इन्स्टॉल झाल्यावर दोन कामं. आयएसओ ड्राइव्हमधून काढली आहे ना ते बघा, नाहीतर पुन्हा इन्स्टॉलरच उघडतो आणि मुलं दुसऱ्यांदा सगळं बसवतात. दुसरं, गेस्टच्या आत बसवायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर, गेस्ट ॲडिशन्स, टाका, म्हणजे खिडकी मोठी होईल आणि कॉपी-पेस्ट इकडून तिकडे चालेल. माउस खिडकीत अडकला तर उजवीकडची कंट्रोल कळ दाबा. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर, हायपर-व्ही, आधीच गादीवर बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या मेहेरबानीवर चालतंय. हळू चालेल, पण चालेल. नेटवर वाचून विंडोजच्या सुरक्षेच्या सेटिंग भराभर बंद करू नका.

मग स्नॅपशॉट. मशीन आत्ता आहे तसं गोठवून ठेवायचं, नंतर काहीही बिघडलं की त्या क्षणावर परत. मी भाच्याला पहिला स्नॅपशॉट घ्यायला लावला आणि सांगितलं, आता मोड. मशीन सुरू करून देणारा बूट लोडर, म्हणजे ग्रब, उडव, नेटवर्कची फाइल चुकीची लिही, सगळं काही पुसणारी आरएम कमांड मुळापासून चालव. त्याने ती चालवली. पडद्यावर एकेक गोष्ट मरत गेली आणि तो हसत होता.

पण त्याआधी मी एक गोष्ट तपासली होती. शेअर्ड फोल्डर. विंडोजचा एखादा फोल्डर गेस्टला जोडता येतो, फार सोयीचं आहे. तो वाड्याच्या मधल्या भिंतीतला कोनाडा समजा, दोन्ही बाजूंनी हात घालता येतो. त्यात लिहायची परवानगी असेल तर गेस्टमध्ये चालवलेली आरएम विंडोजवरच्या खऱ्या फाइली पुसते, आणि स्नॅपशॉट त्या परत आणत नाही. भाच्याने अख्खा डॉक्युमेंट्स फोल्डर जोडून ठेवला होता. आधी तो काढला. आता त्याचा ‘देवघेव’ नावाचा एक रिकामा फोल्डर आहे, तेवढाच जोडलेला असतो. स्नॅपशॉटच्या फाइली विंडोजमधून हाताने पुसू नका, साखळी तुटते. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपची डिस्क गेली की मशीन आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात.

नेटवर्कमध्ये एकच खाच सांगते. सुरुवातीला ‘नॅट’ असतं, इंटरनेट चालतं आणि गेस्टचा पत्ता १०.०.२.१५ दिसतो. वर्गातल्या सगळ्यांचा तोच दिसतो, म्हणून गोंधळ उडतो. प्रत्येकाचं बिऱ्हाड आपापल्या वाड्यात आहे, पत्ता वाड्याच्या आतला आहे. विंडोजमधून गेस्टमध्ये एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड चालवायच्या वाटेने, शिरायचं तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये विंडोजच्या २२२२ क्रमांकाच्या दारावरून गेस्टच्या २२ क्रमांकाच्या दाराला वाट जोडा. दोन गेस्ट एकमेकांशी बोलायला हवे असतील तर दोघांना ‘नॅट नेटवर्क’वर ठेवा. एकावर वेब सर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस. एवढं स्वतः जोडून बघितलेला मुलगा मुलाखतीत वेगळा ओळखू येतो. आता मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून सांगते.

माझ्या मुलाखतीत विचारलं होतं, सर्व्हरची डिस्क भरली तर काय होतं? पुस्तकातलं उत्तर मला येत नव्हतं. पण माझं ते कंजूष मशीन एका रात्री काठोकाठ भरलं होतं, पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येत होता. उजवा कंट्रोल धरून एफ३ दाबला, काळा पडदा मिळाला, डिस्क शंभर टक्के दिसली, मशीनच्या नोंदींच्या फाइली (लॉग) आणि सॉफ्टवेअरची जुनी पॅकेजं साफ केली, मग आत शिरता आलं. तेच सांगितलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘हे तुमच्याबरोबर घडलेलं दिसतंय.’ नोकरी मिळाली.

परवा रात्री अकराला भाच्याचा फोन. ‘मावशी, ग्रब गेला. काळा पडदा आहे नुसता.’

‘स्नॅपशॉट आहे ना?’

‘आहे गं. पण थांब, आधी हाताने दुरुस्त होतं का बघतो.’