परतीच्या पावसातली फळझाडांची लागण: कलमाचा जोड मातीबाहेर आहे का, आधी ते बघा

हस्ताचा पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी भागात फळझाडांच्या लागणीची घाई उडते. भातकापणीला थोडा अवकाश असतो, ऊसतोड सुरू झालेली नसते, रानात ओल असते. लागणीला हा काळ चांगलाच आहे. पण याच दिवसांत लावलेली कितीतरी कलमं दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळतात. दोष उन्हाला जातो, वाळवीला जातो, नाहीतर रोपवाटिकेला जातो. वाळलेलं कलम उपटून बुंधा धुऊन बघा. बहुतेक वेळा जोड, म्हणजे खालचं मुळांचं रोप (खुंट) आणि वरची हव्या जातीची काडी (कलमकाडी) जिथे जुळवलेली असते ती जागा, चार-सहा बोटं मातीखाली गेलेला असतो आणि तिथली साल काळी पडून कुजलेली असते.

लावताना कुणी मुद्दाम जोड गाडत नाही. कलम बरोबर उंचीवर लागतं आणि नंतर खाली बसतं. मे महिन्यात खड्डे काढून तापवायचे आणि जूनमध्ये भरायचे, ही जुनी रीत आता मोडली आहे. आज जेसीबीने खड्डा काढतात, उद्या त्यात पालापाचोळा, शेणखत आणि भुसभुशीत माती टाकतात, परवा कलम लावतात. असा भराव पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत दबतो. फूटभर भरावाला दीड-दोन बोटं धरा. तीन फूट खोल खड्ड्यात कलम आपोआप चार ते सहा बोटं खाली जातं. कच्चं शेणखत घातलं असेल तर ते कुजताना आणखी बसतं. मग बुंध्याशी खोलगट बशी तयार होते, चित्रा-स्वातीच्या वळवासारख्या सरींचं पाणी तिथेच थांबतं आणि पाण्याबरोबर आलेला गाळ जोडावर चढतो.

जोड मातीत गेला की तीन गोष्टी होतात. जोडावरची, म्हणजे कलमकाडीची साल ओल्या मातीत राहण्याजोगी नसते. ती मऊ पडते आणि बुरशी शिरते. दुसरं, कलमकाडीला स्वतःची मुळं फुटतात. ती वरच्या थरात पसरतात आणि खुंटाची खोल जाणारी मुळं मागे पडतात. पाऊस असेपर्यंत झाड हिरवंगार दिसतं आणि मार्चमध्ये वरचा थर सुकला की एकदम मान टाकतं. तिसरं, खुंटाचे फुटवे कुठून येतात ते कळत नाही. हापूसच्या जागी रायवळ वाढतो, चिकूच्या जागी खिरणी, आणि मालकाला ते चार वर्षांनी समजतं.

म्हणून पुढचं बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण ही उंची चुकवू नका.

लावताना उंची कशी धरायची

पिशवीतल्या मातीच्या वरच्या पातळीवर भरवसा ठेवू नका. रोपवाटिकेत वरून माती टाकून पिशवी भरलेली असते आणि कधीकधी जोडसुद्धा अर्धा झाकलेला असतो. बोटाने माती बाजूला करून पहिली जाड मुळी कुठे फुटली आहे ते शोधा. झाडाची खरी जमीन तीच.

खड्ड्यावर आडवी काठी ठेवा. जुना, पावसाळाभर बसलेला खड्डा असेल तर ही पहिली मुळी काठीच्या चार बोटं वर यायला हवी. आत्ताच भरलेला खड्डा असेल तर वीतभर वर घ्या. बघायला कलम उंचवट्यावर बसवल्यासारखं दिसेल, शेजारी हसतील, हसू द्या. दिवाळीपर्यंत ते खाली बसतं.

खड्डा ताजा असेल तर भरताना अर्ध्या फुटाच्या थराने भरा, प्रत्येक थर पायाने दाबा, आणि भरल्यावर दोनदा पाणी सोडून आठ-दहा दिवस बसू द्या. एवढे दिवस थांबायची तयारी नसेल तर मोठा खड्डा काढूच नका. पिशवीपेक्षा दुप्पट रुंद आणि पिशवीएवढाच खोल खड्डा घ्या. तळची माती न हललेली राहिली की कलम खाली बसत नाही. मोठ्या ताज्या खड्ड्यापेक्षा हा लहान खड्डा कितीतरी बरा.

आळं दुहेरी करा. बुंध्याभोवती वीतभर रुंद मातीची भर, तिला बाहेरच्या बाजूने उतार, आणि त्यापलीकडे पाण्याची गोल चर. पाणी चरीत उभं राहावं, बुंध्याला लागू नये. मात्र ही भर जोडाच्या खालीच थांबली पाहिजे. आळं नीट करायच्या नादात जोडापर्यंत माती ओढणारे पुष्कळ आहेत. ठिबकची तोटी बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा. उसाचं पाचट आच्छादनाला उत्तम, पण बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर पाचटाखाली वाळवी थेट सालीवर येते.

आधी लावलेल्या बागेत याच आठवड्यात करायचं काम

पुढचा मोठा पाऊस यायच्या आत एक-दोन वर्षांच्या प्रत्येक झाडापाशी जा. खुरप्याने नाही, हाताने माती बाजूला करा, खुरपं साल सोलतं. जोड दिसेपर्यंत उकरा आणि पाणी उलट बाहेर जाईल असा उतार द्या.

नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं-पांढरं असेल तर झाड वाचलं. तपकिरी असेल, आंबूस वास येत असेल, तर ती साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत तासून काढा आणि बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचं, कृती खाली आहे) लावा. बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेरात साल गेली असेल तर त्या झाडावर खर्च करू नका, काढून टाका. कलमकाडीला मुळं फुटली असतील तर ती कापून मलम लावा. पातळ केसासारखी असतील तर एकदम कापा, बोटाएवढी जाड झाली असतील तर एका हंगामात अर्धीच.

यंदाच लावलेलं कलम खाली बसलं असेल तर ते उचलता येतं. जमीन वाफशावर असताना गड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी पहारी खोल घालून दोघांनी एकदम उचला, तिसऱ्याने खाली माती सारून दाबावी. कलमाला धरून वर ओढायचं नाही, जोड सुटतो.

बोर्डो मलम घरीच करा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. गार झाल्यावर दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी भांडं नको. विळ्याचं घासलेलं पातं त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी संपवा. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लावा, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपताना एकदा.

दुकानातून काय आणू नये

लागणीच्या दिवसांत दुकानात ‘लागण किट’ पुढे केलं जातं: ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, मुळं फुटायचं टॉनिक, चमकदार दाणे. एका कलमामागे कलमाच्या किमतीएवढा खर्च होतो. चांगलं कुजलेलं शेणखत आणि बरोबर उंची असेल तर यातलं काही लागत नाही, आणि जोड गाडला असेल तर यातलं काहीही झाड वाचवत नाही. कलम सुकायला लागलं की दुसरी फेरी येते, आळवणीची, म्हणजे मुळाशी औषध ओतायची. आधी उकरून बघा, मग ठरवा.

खड्ड्यात फोरेट हे विषारी कीटकनाशक टाकायची सवय अजून गेलेली नाही. त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात पूर्ण बंदी आहे. मिथिल पॅराथिऑनची भुकटीही बंद आहे. सुट्या पिशवीत कुणी देत असेल तर घेऊ नका. बाटलीवरचं लेबल कन्नडमध्ये आहे म्हणून दुकानदार सांगेल ती मात्रा घालू नका, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या आणि पक्कं बिल मागा. शंका असेल तर कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात विचारा.

नेहमीची कामं

अंतर आणि खड्डा:
- आंबा: १० × १० मीटर, घन लागणीला ५ × ५; खड्डा १ मीटर
- चिकू: १० × १० मीटर, खड्डा १ मीटर
- पेरू, लिंबू: ६ × ६ मीटर, खड्डा ६० सेंमी
- सीताफळ, अंजीर: ५ × ५ मीटर, खड्डा ६० सेंमी
- डाळिंब: ४.५ × ३ मीटर. खड्ड्याऐवजी उंच गादीवाफा
- फालसा: २.५ ते ३ मीटर. खड्डा ४५ सेंमी
- करवंद: बागेत २ ते ३ मीटर, कुंपणाला १ ते १.५ मीटर, खड्डा ४५ सेंमी

६० सेंमीच्या खड्ड्यात भरायचं:
- कुजलेलं शेणखत २ बुट्ट्या
- सिंगल सुपर फॉस्फेट ५०० ग्रॅम
- निंबोळी पेंड १ किलो
- ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) ५० ग्रॅम, शेणखतात मिसळून
- १ मीटरच्या खड्ड्याला शेणखत आणि सुपर फॉस्फेट दुप्पट

लावताना:
- पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा, तळाची वेटोळी मुळं कापा
- जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडा, नाहीतर ती सालीत रुतते
- जोडाखालचे फुटवे काढा
- वाऱ्याच्या बाजूला बांबू, सुतळीचा सैल आठ
- लावल्याबरोबर ८-१० लिटर पाणी, पाऊस नसेल तर महिनाभर तीन-चार दिवसांनी, थंडीत आठवड्याने
- काळ्या रानात पाणी देण्याआधी बोट घालून ओल बघा

रानाप्रमाणे

खानापूरच्या तांबड्या जांभ्या रानात वरून माती सैल दिसते, पण खाली कातळ पाणी अडवतो. खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळेला पाणी उभं असेल तर तळ पहारीने फोडा, तेही जमत नसेल तर तिथे दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर कलम लावा. या पट्ट्यात जून-जुलैत लावण्यापेक्षा सप्टेंबरअखेरची लागण आमच्या मते सरस, कारण मुसळधार पावसात कलम महिनाभर पाण्यात उभं राहत नाही.

अथणी, रायबागच्या काळ्या रानात यंत्राने पाडलेल्या खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात आणि खड्डा हौदासारखा पाणी धरतो. कडा कुदळीने खरबरीत करा. इथे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत झाडाला आठवड्याला १५-२० लिटर पाणी द्यायची सोय नसेल तर आत्ता लावूच नका, पुढच्या जूनची वाट बघा. पाणी असलेल्यांनी दिवाळीपर्यंत लागण आटपावी. नंतर थंडीत मुळं हलत नाहीत.

अथणी भागात डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम नुकतंच भरलेलं असेल तिथे हाच धोका आहे. बोदाची (वरंब्याची) माती ओढताना जोड झाकला गेला तर द्राक्षाच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात. क्षारपड जमिनीसाठी आणि कमी पाण्यासाठी खुंट घेतला, तो खर्च वाया गेला.

झाडाप्रमाणे

लिंबाला हे सगळं दुप्पट लागू. जंभेरी किंवा रंगपूर खुंटावरचा डोळा जमिनीपासून वीतभर वर नसेल तर ते रोप विकत घेऊ नका. फायटोफ्थोरा बुरशी पाण्याबरोबर येते, बुंध्यातून डिंक गळतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. डिंक दिसला तर साल तासून मलम लावा आणि मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळ्यात ओता. हे औषध लिंबाच्या या रोगासाठीच. आंब्याचं पान पिवळं पडलं म्हणून ओतू नका.

आंब्याचं कोय कलम घेताना जोड पिशवीच्या मातीपासून किमान चार बोटं वर हवा, वीतभर असेल तर उत्तम. गाडीवर बाजारात येणाऱ्या स्वस्त कलमांत तो बरेचदा मातीला टेकलेला असतो. जोडाची कापलेली बाजू पश्चिमेच्या वाऱ्याकडे करून लावली तर जोड कमी फाटतो, असा या भागातला अंदाज आहे. शास्त्रात तशी शिफारस नाही, पण करायला काही खर्चही नाही.

पेरू आणि डाळिंबाच्या गुटी कलमाला (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या) जोड नसतो, तरी बुंधा गाडला की कूज तीच. अंजीर आणि तुती छाटाची असतात, ती एक-दोन डोळे खोल गेली तरी बिघडत नाही. करवंद आणि फालसा रोपापासून येतात आणि काटक आहेत. बांधावर, कुंपणाला लावायला पैसे नसतील तर यांच्यापासून सुरुवात करा. फालशाची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, फळ नव्या फुटीवर येतं.

स्ट्रॉबेरी करून बघणाऱ्यांनी रोपाच्या मधला कोंब बघावा. तो मातीत गेला तर आठवड्यात सडतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. कोंबाचं बूड मातीच्या बरोबर पातळीला, मुळं सरळ खाली. गादीवाफा फूटभर उंच, दोन ओळी, रोपांत ३० सेंमी. रोपं महाबळेश्वर-पाचगणीकडून आणली तर आल्या दिवशीच सावलीत उघडा आणि संध्याकाळी लावा. मल्चिंगच्या छिद्रातून पावसाने उडालेली माती कोंबावर बसते, ती प्रत्येक पावसानंतर बोटाने काढावी लागते.

उंची तपासायच्या तारखा वहीत लिहून ठेवा: लागणीनंतर पंधरा दिवसांनी, दिवाळीनंतर, संक्रांतीला, आणि पुढच्या वर्षी मृगाच्या आधी. भांगलणीला येणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी जोड दाखवा आणि तिथे माती ओढायची नाही हे सांगा. नांगर, रोटर चालवणाऱ्यालाही सांगा, रोटरने उडालेली माती एका फेरीत दोन बोटं चढते.