‘गो, लव्हली रोझ’ गायला बसवताना

पहिले दोन दिवस पियानो बंद ठेवा आणि नुसती कविता मोठ्याने वाचा. एडमंड वॉलर या इंग्रज कवीची ही कविता १६४५ साली छापून आली. तीत कवी एका गुलाबाला आपल्या प्रेयसीकडे निरोप घेऊन पाठवतो. इंग्रज संगीतकार रॉजर क्विल्टरची चाल विसाव्या शतकातली, त्यामुळे कानाला सगळं ओळखीचं वाटतं आणि शब्दांचं जुनेपण निसटतं. ‘रिझेम्बल’ म्हणजे इथे तुलना करणं. ‘सफर’ म्हणजे सोसणं नव्हे, होऊ देणं: कुणाला तू आवडलीस तर आवडू दे, असं गुलाबाने त्या प्रेयसीला सांगायचंय. हे कळलं नाही की तिसरं कडवं उगीच रडवेलं होतं.

प्रत्येक कडव्यात पाच ओळी; अक्षरं ४, ८, ४, ८, ८. आखूड ओळ संपली की दम घ्यावासा वाटतो, तिथेच वाक्य मोडतं. पहिल्या कडव्यात तिला ‘कळतं’ तिसऱ्या ओळीत, पण काय कळतं ते येतं पाचवीत. म्हणून दुसऱ्या ओळीनंतर भरपूर दम घ्या. पुरला नाहीच, तर चौथीच्या शेवटी चोरून घ्या.

आता उच्चार. ‘वेस्ट्स’ला ओठांचा चंबू करा, खालचा ओठ दाताला लागला की ‘व्हेस्ट्स’ ऐकू येतं. ‘टेल’, ‘टाइम’मधला ट आपल्यासारखा जीभ वळवून नको, जिभेचं टोक वरच्या हिरडीला लावा. ‘दॅट’, ‘दी’ला टोक दातांमध्ये ठेवून हवा वाहती ठेवा. आपला द हवा अडवतो, आणि तेवढ्यात सुराची सलग रेघ तुटते. ‘डाय’चा सगळा काळ ‘आ’वर धरा, ‘इ’ अगदी सोडताना. ‘फेअर’चा शेवटचा र म्हणूच नका.

भावगीताची सवय असेल तर मुरक्या आवरा. लिहिलेला सूर सरळ लावला तरच पियानोचे बदलते स्वरमेळ ऐकू येतात. ती संगत अर्धं गाणं आहे. पेटीवर नुसते कॉर्ड धरून भागत नाही.

चौथ्या कडव्यातलं ‘डाय’, म्हणजे ‘मर’, गुलाबाला उद्देशून आहे, तिला नाही. ते ओरडून म्हटलं तर शाप वाटतो. हळू म्हणा. ‘स्वीट’ आणि ‘फेअर’ ही जोडी पहिल्या कडव्यात तिच्यासाठी येते, शेवटच्या ओळीत नाश पावणाऱ्या सगळ्या दुर्मीळ गोष्टींसाठी. त्या दोन ओळी पाठोपाठ गाऊन पाहा; दुसरीचा रंग आपोआप वेगळा लागेपर्यंत गात राहा.